आकडा खरा कशावरून?

रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्याच्या घरी दुपारी लॅबमधून रिपोर्ट येतो : आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, ४.६. डॉक्टरांनी ठरवून दिलेली मर्यादा २ ते ३. घरात घाबरगुंडी उडते, फोन होतात आणि सल्ला मिळतो की दोन दिवस गोळी बंद ठेवा, मग डोस कमी करून पुन्हा सुरू करा. पायात गुठळी झालेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या नेहमीच्या रुग्णासाठी हा सल्ला ठीकच आहे. पण रुग्णाला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे एपीएस, असेल तर याच सल्ल्यामुळे तो नव्या गुठळीच्या तोंडी जाऊ शकतो. त्या ४.६ मधला किती भाग गोळीमुळे आला आणि किती भाग चाचणीतल्या रसायनामुळे, हे नुसता कागद पाहून कळत नाही.

एपीएस हा आजार वैद्यकाच्या इतिहासात तसा नवा. लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात शरीर स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. ही प्रथिनं पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध घटकांना चिकटून बसलेली असतात. परिणाम दिसतो तो तरुण वयात : तिशीतल्या माणसाला पक्षाघात, पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत गुठळी, बाईला पुन्हा पुन्हा गर्भपात किंवा पोटातच बाळ दगावणं. निदानासाठी तीन तपासण्या लागतात : ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन-१. एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही, किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून ती तशीच यावी लागते. साध्या तापातसुद्धा या अँटिबॉडीज काही काळ दिसतात आणि निघून जातात. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णाला धोका सर्वांत जास्त.

या आजाराचं विचित्रपण असं की शरीरात या अँटिबॉडीज गुठळ्या करतात आणि काचेच्या नळीत मात्र रक्त गोठायला उशीर लावतात. नळीत रक्त गोठवायचं तर बाहेरून फॉस्फोलिपिड घालावं लागतं, आणि या अँटिबॉडीजपैकी ल्युपस अँटिकोॲग्युलंट नेमकं तेच अडवून धरतं. औषधाच्या देखरेखीतला सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

आयएनआर कसा निघतो ते जरा जवळून पाहू. रुग्णाच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेल्या द्रवात, थ्रोम्बोप्लास्टिन नावाचं रसायन आणि कॅल्शियम घालतात आणि गोठायला किती सेकंद लागले ते मोजतात. हा प्रोथ्रोम्बिन टाइम, म्हणजे पीटी. थ्रोम्बोप्लास्टिन म्हणजे टिश्यू फॅक्टर आणि फॉस्फोलिपिड यांचं मिश्रण. प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं, म्हणून सेकंदही वेगळे. ही तफावत काढून टाकण्यासाठी प्रत्येक बॅचला आयएसआय नावाचा एक अंक दिलेला असतो. रुग्णाच्या सेकंदांना निरोगी माणसाच्या सरासरी सेकंदांनी भागायचं आणि येणाऱ्या गुणोत्तराचा आयएसआय इतका घात करायचा. रुग्णाचे २७ सेकंद, निरोगी सरासरी १२, तर गुणोत्तर २.२५. आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.२५ आणि १.३ असेल तर साधारण २.९. म्हणजे तेच सेकंद, पण लॅबने जुन्या बॅचचा आयएसआय यंत्रात तसाच ठेवला तर आकडा बदलला. ही चूक कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत होऊ शकते.

एपीएसची अडचण याच्या पुढची आहे. आयएसआय ठरवताना वापरलेला प्लाझ्मा निरोगी माणसांचा आणि वॉरफरिनवर स्थिर असलेल्या रुग्णांचा असतो. त्यात ल्युपस अँटिकोॲग्युलंट नसतं. त्यामुळे थ्रोम्बोप्लास्टिनमधल्या फॉस्फोलिपिडशी अँटिबॉडीने केलेली ढवळाढवळ त्या गणितात धरलेलीच नाही. ज्या मिश्रणात फॉस्फोलिपिड भरपूर, त्यात अँटिबॉडी पुरी पडत नाही आणि आयएनआर बऱ्यापैकी खरा येतो. काही मिश्रणांवर, विशेषतः काही रिकॉम्बिनंट (जनुकतंत्राने बनवलेल्या) थ्रोम्बोप्लास्टिनवर, तिचा प्रभाव जास्त पडतो आणि आकडा फुगतो. बहुसंख्य एपीएस रुग्णांमध्ये चांगल्या रसायनावर हा फरक किरकोळच असतो, हे लक्षात ठेवायला हवं. नाहीतर माणूस प्रत्येक रिपोर्टवर संशय घेत बसेल. पण काही मोजक्या रुग्णांत फरक इतका असतो की कागदावर ३.५ आणि प्रत्यक्षात औषधाचा परिणाम जेमतेम २ चा. अशा रुग्णाचा डोस महिनोन्‌महिने कमी ठेवला जातो, त्याला पुन्हा गुठळी होते आणि फाइलवर शेरा पडतो की ‘आयएनआर योग्य असूनही गुठळी’. मग उपचारच निकामी ठरवून औषध बदललं जातं. औषध बदलण्याआधी मोजमाप तपासून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

हे तपासायची पहिली संधी गोळी सुरू होण्याआधीच असते आणि नेमकी तीच सर्वांत जास्त हुकते. पहिल्या गोळीच्या आधी पीटी आणि एपीटीटी (गोठण्याचा वेळ मोजणारी दुसरी चाचणी) दोन्ही करून ठेवावेत. औषध पोटात नसतानाही पीटी लांबलेला असेल, तर त्या लॅबच्या त्या रसायनावर या रुग्णाचा आयएनआर भरवशाचा नाही, हे तिथेच कळतं. लगेच दुसऱ्या रसायनावर चाचणी करणारी लॅब शोधता येते. हा एक कागद पुढे अनेक वर्षं उपयोगी पडतो, तो फाइलच्या अगदी वर लावून ठेवावा.

गोळी आधीच सुरू असेल तर उपाय म्हणजे जोडीची तपासणी. डोस आठवडा-दोन आठवडे स्थिर असताना एकाच वेळी काढलेल्या रक्तावर आयएनआर आणि क्रोमोजेनिक फॅक्टर टेन (रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दहावा घटक रंगावरून मोजणारी चाचणी) अशा दोन्ही चाचण्या करायच्या. ही दुसरी चाचणी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तिच्यात गुठळी होऊच देत नाहीत. प्लाझ्मा भरपूर पातळ करतात आणि त्यात घोणस या सापाच्या विषातून वेगळं काढलेलं एक विकर घालतात. या सापाचं विष रक्तातल्या दहाव्या घटकाला थेट जागं करतं. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त गोठायचं थांबतं त्यामागे हेही एक मोठं कारण आहे, कारण गोठण्याचे घटक शरीरातच वापरून संपतात. जागा झालेला दहावा घटक मग चाचणीत घातलेल्या एका रंगहीन पदार्थाचे तुकडे करतो आणि नळीत पिवळा रंग उतरतो. रंग जितका गडद तितका दहावा घटक जास्त. बाहेरून फॉस्फोलिपिड घालायची गरजच नसल्याने अँटिबॉडीला अडवायला काही उरत नाही.

वाचन उलटं करायचं असतं, हे नवख्या माणसाला पटकन उमगत नाही. गोळीचा परिणाम जितका जास्त तितका दहावा घटक कमी. साधारणपणे ४० टक्के म्हणजे आयएनआर २ च्या आसपास आणि २० टक्के म्हणजे ३ च्या आसपास. आयएनआर ३.८ आणि फॅक्टर टेन ३८ टक्के आला, तर आकडा फुगलेला आहे आणि डोस कमी करणं धोक्याचं. आयएनआर ३.८ आणि फॅक्टर टेन १५ टक्के आला, तर डोस खरोखरच जास्त झालाय. नेमक्या सीमारेषा लॅबगणिक थोड्या सरकतात, म्हणून त्या लॅबची स्वतःची मर्यादा विचारावी. यकृताचा आजार असेल तर दहावा घटक मुळातच कमी असतो आणि वाचन चुकतं. रुग्ण रिव्हरॉक्झाबॅन किंवा अपिक्झाबॅन या रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या घेत असेल तरी चाचणी फसते, कारण ही औषधं जाग्या झालेल्या दहाव्या घटकालाच दाबतात. गावागावांत ही चाचणी होत नाही, प्लाझ्मा गोठवून मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो आणि रिपोर्टला दिवस लागतात. त्यामुळे रोजच्या देखरेखीसाठी ती नाहीच. एकदा जोडी जुळते असं दिसलं की पुढे त्याच लॅबमध्ये साधा आयएनआर पुरतो. लॅब बदलली, लॅबने रसायन बदललं किंवा कारण नसताना आकडे भरकटायला लागले, की जोडी पुन्हा करावी. लॅबला रसायनाचं नाव आणि आयएसआय विचारायला संकोच करू नये. चांगली लॅब ते रिपोर्टवर छापतेच.

बोटाला टोचून घरच्या घरी आयएनआर दाखवणारं यंत्र अनेकांना सोयीचं वाटतं आणि नेहमीच्या रुग्णांसाठी ते उत्तम आहे. एपीएसमध्ये मात्र ते सरसकट वापरू नये. त्याच्या पट्टीतही थ्रोम्बोप्लास्टिनच असतं आणि अँटिबॉडीचा त्यावर होणारा परिणाम उत्पादक स्वतःच माहितीपत्रकात नोंदवतात. वापरायचंच असेल तर सुरुवातीला काही वेळा शिरेतल्या रक्ताचा आयएनआर आणि यंत्राचा आकडा एकाच दिवशी ताडून पाहावा. फरक अर्ध्या अंकाहून जास्त येत राहिला तर यंत्र बाजूला ठेवावं. जुळलं तरी यंत्रावर ४ च्या वरचा आकडा आला की शिरेतलं रक्त देऊन खात्री केल्याशिवाय डोसला हात लावू नये, कारण आकडा जितका वर जातो तितकी त्याची चूकही वाढते.

रक्त घेतानाच्या चुका क्षुल्लक वाटतात, पण त्यांची किंमत मोठी असते. पीटीची ट्यूब निळ्या टोपणाची असते आणि तिच्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट आधीच भरलेलं असतं. प्रमाण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे २.७ मिलि रक्ताला ०.३ मिलि. ट्यूबवर खूण असते, रक्त तिथपर्यंत आलंच पाहिजे. शीर सापडली नाही म्हणून अर्ध्या ट्यूबवर भागवलं तर सायट्रेट जास्त होतं, ते चाचणीत घातलेलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि आयएनआर खोटाच वाढतो. पातळ नळी जोडलेल्या सुईने पहिलीच ट्यूब निळी भरली तर नळीतली हवा आत जाते आणि ट्यूब अपुरी भरते, म्हणून आधी एक ट्यूब भरून टाकून द्यावी. भरल्यावर तीन-चार वेळा हलकेच उलटीपालटी करायची, जोरात हलवायची नाही. पीटीचा नमुना खोलीच्या तापमानाला ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवला तर सातवा घटक थंडीने जागा होतो आणि पीटी खोटाच कमी येऊ शकतो. हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनवर असलेल्या रुग्णाच्या सलाइनच्या नळीतून रक्त काढू नये, हे तर ठरलेलंच.

आता डोसबद्दल. शिरेत गुठळी झालेल्या एपीएस रुग्णाचं लक्ष्य आयएनआर २ ते ३. पक्षाघात किंवा धमनीतली गुठळी असेल तर काही डॉक्टर २ ते ३ सोबत कमी मात्रेचं ॲस्पिरिन देतात, काही ३ ते ४ चं लक्ष्य ठेवतात. इथे एकमत नाही आणि रुग्णाला रक्तस्रावाचा धोका किती यावर निर्णय ठरतो. आपल्याकडे वॉरफरिनइतकंच, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, ॲसिनोकुमारोल ही त्याच जातीची गोळी वापरली जाते. तिचा शरीरातला अर्धकाळ, म्हणजे औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, ८ ते ११ तास, तर वॉरफरिनचा साधारण ३६ ते ४२ तास. म्हणून ॲसिनोकुमारोलची एखादी गोळी चुकली तर फरक लवकर पडतो. गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यावी, म्हणजे सकाळी रक्त दिलं आणि दुपारी आकडा आला तर त्याच रात्रीचा डोस बदलता येतो. बदल करताना आठवड्याची एकूण मात्रा धरून ५ ते २० टक्के वर-खाली करतात. आज डोस बदलून उद्या आयएनआर करण्यात अर्थ नसतो, पूर्ण परिणाम दिसायला ५ ते ७ दिवस जातात.

सुरुवातीचे दिवस तर आणखी फसवे. सातवा घटक काही तासांत घसरतो म्हणून दोन-तीन दिवसांतच आयएनआर वर येतो, पण खरं संरक्षण देणारी दुसऱ्या घटकाची घसरण व्हायला त्याहून जास्त दिवस लागतात. शिवाय गोठण्याला लगाम घालणारं प्रोटीन सी आधी कमी होतं. म्हणून हेपरिनचं इंजेक्शन किमान पाच दिवस आणि आयएनआर २ च्या वर २४ तास टिकेपर्यंत सोबत चालू ठेवावं लागतं. आकडा २ दिसला म्हणून तिसऱ्या दिवशी इंजेक्शन थांबवणं एपीएसमध्ये महागात पडू शकतं.

स्वयंपाकघराचं गणित सोपं आहे, पण ते चुकीचं सांगितलं जातं. ‘पालेभाजी बंद’ हा सल्ला मला मान्य नाही. व्हिटॅमिन के शून्यावर आणलं की आयएनआर आणखी चंचल होतो. मेथी, पालक, शेपू, चवळई, अळू, कोथिंबीर हे सगळं खावं, फक्त आठवड्याला साधारण तितकंच. हिवाळ्यात मेथीची जुडी स्वस्त झाली की रोज घरात येते आणि आयएनआर उतरतो. चातुर्मासात काही घरांत पालेभाज्या बंद होतात, नवरात्राचे उपवास सुरू होतात आणि तो चढतो. म्हणून अशा दिवसांत आधी सांगून एक जादा तपासणी करून घ्यावी.

औषधांची गाठ याहून मोठी. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्सॅझोल, फ्लुकोनॅझोल या जंतू-बुरशीवरच्या औषधांनी आयएनआर झपाट्याने वाढतो, तीन ते पाच दिवसांत तपासावाच. पॅरासिटामॉल सलग काही दिवस दिवसाला २ ग्रॅमच्या वर गेलं तरी वाढतो. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन फारसा आकडा न बदलताच जठरातून रक्तस्राव करू शकतात, म्हणून अंगदुखीसाठी ती मनाने घेऊ नयेत. आपल्या देशात सर्वांत जास्त त्रास देणारं औषध म्हणजे टीबीवरचं रिफॅम्पिसिन. ते यकृतातली यंत्रणा वेगवान करतं आणि गोळीचा परिणाम झपाट्याने उतरतो. डोस दुप्पट किंवा त्याहूनही जास्त करावा लागतो आणि आठवड्याला आयएनआर लागतो. खरा धोका उपचार संपताना असतो. रिफॅम्पिसिन थांबलं की पुढच्या दोन ते चार आठवड्यांत तो वाढवलेला डोस अंगावर येतो. टीबीचा कोर्स संपल्याच्या आनंदात ही तपासणी विसरली जाते.

एपीएसमध्ये कमी आयएनआरला जास्त भ्यावं. तिन्ही अँटिबॉडीज असलेल्या रुग्णाचा आकडा खरोखरच २ च्या खाली गेला तर तो वर येईपर्यंत अनेक डॉक्टर हेपरिनच्या इंजेक्शनचं कवच देतात. अशा वेळी काय करायचं याचा डॉक्टरांच्या सूचनेचा कागद आधीच लिहून घरात ठेवलेला बरा. वाढलेल्या आकड्यावर उतावळेपणाने व्हिटॅमिन केचं मोठं इंजेक्शन देऊ नये. रक्तस्राव नसेल आणि आकडा १० च्या आत असेल तर एक-दोन डोस वगळून पाहणं बहुधा पुरतं, आणि तेही आकडा खरा आहे याची खात्री झाल्यावर. मोठ्या मात्रेनंतर गोळी कित्येक दिवस लागू पडत नाही आणि त्या काळात रुग्ण उघडा पडतो. मात्र प्रत्येक वाढलेला आकडा खोटाच, असंही धरू नये. क्वचित काही रुग्णांत प्रोथ्रोम्बिन, म्हणजे गोठण्याचा दुसरा घटक, याच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज तो घटकच रक्तातून काढून टाकतात आणि मग खराखुरा रक्तस्राव होतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच ही लक्षणं असतील तर आधी रुग्णाकडे पाहायचं, मग रिपोर्टकडे. प्लेटलेटही अधूनमधून मोजायला हव्यात, त्या या आजारात अनेकदा कमी असतात. ५० हजारांच्या वर असतील तर सहसा गोळी चालू राहते, त्याखाली प्रत्येक निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

या सगळ्या कटकटीतून सुटण्यासाठी रिव्हरॉक्झाबॅनसारख्या नव्या गोळ्यांचा मोह होणं साहजिक आहे, त्यांना आयएनआर लागत नाही. पण इटलीतल्या ट्रॅप्स या अभ्यासाचा २०१८ मध्ये आलेला निकाल विसरता येत नाही. तिन्ही अँटिबॉडीज असलेल्या १२० रुग्णांना रिव्हरॉक्झाबॅन किंवा वॉरफरिन देण्यात आलं. रिव्हरॉक्झाबॅनच्या गटात चार जणांना पक्षाघात आणि तिघांना हृदयविकाराचा झटका आला, वॉरफरिनच्या गटात एकालाही नाही. अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने एपीएसमध्ये, विशेषतः तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असतील तर, या गोळ्या टाळायला सांगितलं. नव्या शहरातल्या नव्या डॉक्टरने ‘सोपी गोळी’ लिहून दिली, तर आपल्या अँटिबॉडीजचे रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवावेत.

रुग्णालयात शिरेतून हेपरिन चालू असताना एपीटीटीवर डोस ठरवायची पद्धत आहे. ल्युपस अँटिकोॲग्युलंट असेल तर एपीटीटी आधीच लांबलेला असतो, म्हणून तिथे हेपरिनचा परिणाम थेट मोजणारी अँटी-टेन-ए ही चाचणी मागावी, लक्ष्य ०.३ ते ०.७ युनिट. गरोदरपणात गोळी सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला इजा करते, म्हणून गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह येताच कमी रेणुभाराच्या हेपरिनवर (उदा. एनॉक्झापॅरिन) जातात, सोबत ७५ ते १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन. एनॉक्झापॅरिन दिवसातून दोनदा असेल तर इंजेक्शननंतर चार तासांनी अँटी-टेन-ए पातळी तपासतात, साधारण ०.६ ते १.० युनिट. महिन्यांगणिक वजन वाढतं तसा डोसही पाहावा लागतो. कण्यातून भूल द्यायची तर उपचाराच्या मात्रेच्या शेवटच्या इंजेक्शननंतर २४ तास जावे लागतात, म्हणून प्रसूतीची आखणी भूलतज्ज्ञांना आधी सांगून करावी. स्तनपानात वॉरफरिन आणि हेपरिन दोन्ही चालतात.

दात काढायचा म्हणून पाच दिवस गोळी बंद, हे तर थांबायलाच हवं. मर्यादेत आयएनआर असताना दाताची किरकोळ कामं गोळी न थांबवता होतात, टाके आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गुळण्या पुरतात. गोळी थांबवणं, संसर्ग आणि शस्त्रक्रिया ही तिन्ही कारणं एकाच वेळी अनेक अवयवांत बारीक गुठळ्या करणाऱ्या एपीएसच्या भीषण प्रकाराला निमंत्रण देतात. मोठ्या ऑपरेशनसाठी गोळी थांबवावीच लागली तर हेपरिनच्या तारखा आणि तास कागदावर लिहून घ्यावेत.

मुलांकडे सहा महिने परदेशी जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच उरकावी. ॲसिनोकुमारोल अमेरिकेत विकलं जात नाही. एक तर पूर्ण मुक्कामाचा साठा प्रिस्क्रिप्शनसह न्यावा, नाहीतर निघण्याच्या दीड-दोन महिने आधी वॉरफरिनवर यावं. मात्रा साधारण पावणेदोन ते दोन पट धरतात आणि मग आठवड्याला आयएनआर करत ती बसवतात. तिथे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या लॅबमध्ये आयएनआर आणि शक्य असेल तर क्रोमोजेनिक फॅक्टर टेनची जोडी करून घ्यावी. सोबतच्या कागदावर गोळीचं मूळ नाव, आठवड्याचा एकूण डोस, लक्ष्य, अँटिबॉडीजचे दोन्ही तारखांचे रिपोर्ट, गोळी सुरू होण्याआधीचा पीटी आणि आपल्या लॅबच्या रसायनाचं नाव असावं. तिथला आकडा इथल्याशी जुळला नाही, तर डोस बदलण्याआधी तोच कागद तिथल्या डॉक्टरांना दाखवावा.